न नेसलेलं वस्त्र

माझ्या भाचीला प्रेरणा मिळते. लोकांना ताप येतो, खोकला होतो, हिला प्रेरणा मिळते, आणि ती मिळाली की घरातलं काहीतरी कापलं जातं. पहिल्यांदा मिळाली तेव्हा ती शाळेत होती आणि बैठकीच्या खोलीतला पडदा गेला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, तेव्हाच पाठीत दोन धपाटे घालायला हवे होते. तिने उलट शेजारणींना बोलावून पोरीने शिवलेला झगा दाखवला. बहीण आता नाही. तिने केलेल्या लाडांची फळं मी खाते आहे.

भाचीचं नाव आबेना फ्रिम्पोमा. आमच्या आजीचं नाव, चांगलं भरभक्कम. राजधानीत, अक्रात, कपड्यांचं दुकान टाकलं तेव्हा तिने त्याचं 'फ्रिम्पो' केलं. पाटीवर मावत नाही म्हणाली. कापायची सवय अशी अंगात मुरलेली, की स्वतःचं नावही सुटलं नाही.

मी अदवोआ तिवा. कुमासीच्या बाजारात कुणालाही विचारा. माझा ओटा कापडगल्लीच्या तोंडाशी होता आणि माझ्यावरून पुढे गेल्याशिवाय कुणाला आत शिरता यायचं नाही. ज्याला ही अक्राची मंडळी डोळे मिटून 'आपली आफ्रिकी छापील परंपरा' म्हणतात, ते मेणाच्या छपाईचं कापड समुद्रापलीकडच्या कारखान्यातून पेट्या भरभरून यायचं. त्याला आमचं कोणी केलं? आम्ही केलं, ओट्यावर बसून शेंगदाणे खाता खाता. नवं ठाण उघडायचं, दोन्ही हातांनी उजेडात धरायचं आणि त्याला नाव द्यायचं. नाव बसलं तर संध्याकाळपर्यंत ठाण संपायचं. नाही बसलं तर कारखानदार तिकडे डोकं धरून बसायचा. पिवळ्यावर काळे गोल असलेल्या एका कापडाला मी 'सासू झोपली' असं नाव दिलं, तर बायकांनी ते ओट्यावरून अक्षरशः ओरबाडून नेलं. प्रेरणा वगैरे काही नव्हतं. सासू होती, ती झोपत नव्हती.

आता माझ्या एका वेगळ्या वस्त्राचं सांगते, कारण हा सगळा तमाशा त्याच्यावरून झाला.

आमच्याकडे बाई मेली की तिला पितळी पलंगावर निजवतात आणि सगळं गाव समोरून जातं. बायका रडत येतात. एका हाताने रुमाल डोळ्याला लावतात आणि दुसऱ्या हाताची बोटं हळूच वस्त्राच्या काठाला लावून बघतात. विणलेलं आहे की छापलेलं, जुनं आहे की घाईघाईने आणलेलं, आणि मुख्य म्हणजे घरचं आहे की भाड्याचं. हल्ली भाड्याने मिळतं, पलंगासकट. माझ्या समोरच्या ओट्यावरची साआ, जन्मभर बाजारात नाक वर करून वावरली, आणि गेली तेव्हा तिच्या अंगावर भाड्याचं निघालं. मी स्वतः बोटं लावून पाहिली होती, म्हणून सांगते. तिने काय विकलं, किती मुलं शिकवली, कुणाला आठवत नाही. 'साआचं भाडं' मात्र अजून आठवतं. तिच्या नाती शाळेत ऐकतात.

म्हणून मी माझं वस्त्र हातीपायी धड असतानाच विणून घेतलं होतं. केंटेचं, बोनविरे या विणकरांच्या गावच्या ओपोकुकडून. केंटे अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या कडेला कड लावून शिवतात. एकेक पट्टी उतरेपर्यंत मी त्याच्या मागाशेजारी बसून असायची. पिवळ्याशेजारी लाल नको, मातकट तांबडा हवा, म्हणून त्याला एक पूर्ण पट्टी उसवायला लावली. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक बारीक निळी रेघ घालायला सांगितली. ती त्या नमुन्यात बसत नाही.

"बाई, लोक म्हणतील विणकर चुकला," ओपोकु म्हणाला.

"म्हणू देत. माझं आहे हे तर कळेल."

नवरा, भाऊ, मुलगा, कुणाचा हात नव्हता त्या वस्त्रात. मी कुणाची बायको म्हणून त्या पलंगावर पडणार नव्हते. अदवोआ तिवा म्हणून पडणार होते. ते मी एकदाही नेसले नाही. वर्षातून एकदा ऊन दाखवायची, डांबराच्या नव्या गोळ्या टाकायची, पुन्हा मांजरपाटात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवायची. देवाला रोज सांगायची, बाकी तुझी मर्जी, माझी तयारी आहे.

मग माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. फ्रिम्पोमा अक्राहून आली, दवाखान्यात उशाशी बसली, हलका रस्सा चमच्याने पाजला. एवढी गोड वागली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"मावशी, तुझ्या ट्रंकेत ती जुनी ठाणं आहेत ना, ओट्यावरची उरलेली? मला कपड्यांच्या नव्या मालिकेसाठी हवी आहेत. अशी छपाई आता होत नाही गं."

"ने. मला काय करायची आहेत? किल्ली पिशवीत आहे."

आता तुम्ही म्हणाल, मांजरपाटातलं सोडून ने, असं सांगायला काय झालं होतं? हे सांगायचं असतं? या गावात वाढलेल्या पोरीला? सत्तरीच्या बाईच्या ट्रंकेत, तळाशी, मांजरपाटात गुंडाळलेलं कोरं वस्त्र कशासाठी असतं हे आमच्याकडे कोंबड्यांनाही ठाऊक आहे.

दोन महिन्यांनी तिच्या कपड्यांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. मालिकेचं नाव 'मुळं'. अक्रात, समुद्राकाठच्या हॉटेलात. मी गुडघा आणि काठी घेऊन गेले. दाराशीच तिचा मित्र सेलॉर्म भेटला. तोही डिझायनर. संध्याकाळच्या अंधाऱ्या दिवाणखान्यात काळा चष्मा, आणि कमरेला बायकी पद्धतीने कापड, तेही उलट्या बाजूने नेसलेलं.

"मावशी! तुम्ही म्हणजे आमचा जिवंत वारसा!"

"आणि तू कोण?"

"मी स्वतंत्र डिझायनर आहे."

"कुणापासून स्वतंत्र, बाळा?"

तो खूप हसला. त्याच्या आईला मी ओळखते. पोरगा अजून जेवायला घरी जातो आणि धुवायचे कपडे बरोबर नेतो.

मला पहिल्या रांगेत बसवलं. ढोल सुरू झाले, पण असे की त्यावर ना नाचता येईल ना रडता येईल. मग मुली निघाल्या. मुळं नाव होतं, पण एकीच्याही अंगावर रताळ्याएवढंही मांस नव्हतं. माझी ठाणं एकामागून एक पुढून जाऊ लागली. जे दोन वार अंगभर गुंडाळायचं, त्याची हातभर चड्डी झालेली. ज्याच्यावरची पाखरं उडताना दिसायला हवीत, ती काखेत उलटी टांगलेली. 'सासू झोपली' आली ती टोपी होऊन. माझ्या शेजारी बसलेला एक दाढीवाला हळूच म्हणाला, "हा वसाहतवादाला दिलेला जवाब आहे." मी म्हटलं, "ही माझी सासू आहे." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

इथवर मी हसत होते, खोटं का बोलू? उरलेली ठाणं होती, दिली होती, चुलीत घातली असती तरी माझं काही गेलं नसतं.

मग ढोल थांबले. शेवटची मुलगी आली. अंगात जाकीट, ट्रकवाले घालतात तसं, कमरेशी आखूड, समोर ओढायची चेन. खाली ढगळ विजार. खांद्याला त्याच कापडाची पिशवी. पिवळ्याशेजारी मातकट तांबडा.

पहिल्यांदा मला वाटलं, ओपोकुने माझा नमुना कुणाला तरी विकला. मनात त्या मेलेल्या माणसाला मी शिव्या घातल्या, आता त्याची माफी मागते. मग ती पोर वळली. बाहीच्या टोकाला बारीक निळी रेघ होती. पाठीवर आडवी घडी होती, इतक्या वर्षांची, इस्त्रीने न गेलेली. त्या घडीवर मी दर वर्षी हात फिरवत असे.

मी मेलेली होते आणि मला उघडी टाकली होती, एवढंच मला कळलं. मी कधी उठले ते आठवत नाही. काठी पडली. आणि माझ्या तोंडून आमच्या बायकांचा विलाप सुरू झाला, मयताच्या पलंगाशी करतात तो.

"अदवोआ तिवा गं, बोनविरेची वाट तुडवणारे! कुणाच्या दारी हात न पसरणारे! तुझं पांघरूण कोणी ओढलं गं? तुला निजवू कशात? तुझे लोक येतील, त्यांना दाखवू काय? तिवा गं, तू वाऱ्यावर पडलीस!"

आवाज मोठा होता. बाजारात चाळीस वर्षं ओरडलेला गळा आहे. 

आणि मग बघायला आलेले लोक उभे राहिले. सगळेच्या सगळे. टाळ्या वाजवायला लागले. फोन वर झाले. दाढीवाला माझ्या पायाशी गुडघ्यावर बसून माझा फोटो काढत होता. सेलॉर्म चष्म्याखालून डोळे पुसत ओरडत होता, "हेच! हेच ते!" मी माझ्याच मयतावर ऊर बडवत होते आणि माणसं शिट्ट्या मारत होती. अशी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. देव करो आणि तुमच्या घरी कुणी मेलं तर हे लोक यायला नकोत.

एकटी ती जाकीटवाली मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. आमच्याच बाजूची असावी, कारण तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने चेन ओढली, जाकीट काढलं, खाली उतरली आणि माझ्या खांद्यावर घातलं. आत तिच्या अंगावर नुसती बंडी होती. "माफ करा, आजी," ती कानाशी म्हणाली, "मला माहीत नव्हतं." टाळ्या आणखी वाढल्या.

आतल्या खोलीत फ्रिम्पोमा फुलांचे गुच्छ घेऊन उभी होती, हसत, रडत, दोन्ही.

"मावशी! तू आधी सांगायचंस ना! काय केलंस तू! लोक वेडे झालेत!"

"हे कुठून काढलंस?"

"काय?"

"हे, अंगावर आहे ते."

"ट्रंकेतून. तूच तर म्हणालीस ने."

"मांजरपाटातलं?"

"हो. अगं, कोरंच होतं ते. तू एकदाही नेसली नव्हतीस. मला वाटलं, तुला आवडत नाही."

लहानपणी तिच्या आईच्या पाठीशी बांधलेली ही पोर किती मयतांना गेली असेल! किती पलंगांसमोरून तिला उचलून नेलं असेल!

"भवाने," मी म्हटलं, "मी अजून मेले कुठे नेसायला?"

तेव्हा तिला कळलं. मी पाहिलं, तिला कळलं. गुच्छ खाली आले. पण तेवढ्यात कुणीतरी फोन घेऊन आलं, कुणीतरी मिठी मारली, आणि ती त्यांच्याबरोबर वाहत गेली. 'मावशी, आपण बोलू', असं म्हणाली. मी जाकीट घालूनच कुमासीची बस धरली. कंडक्टर म्हणाला, आजी, झकास दिसताय. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

त्या रात्रीची चित्रफीत सगळीकडे फिरली. शेजारणीच्या मुलीने मला दाखवली. मी पाहिली, दोनदा पाहिली. आवाज चांगला लागला होता, पण ऊर बडवताना माझा डावा हात मागे पडत होता. खाली परक्या लोकांनी काय काय लिहिलं होतं. 'किती खरं वाटतं.' 'ही नटी कोण?'

पुढच्या आठवड्यात फ्रिम्पोमाचा फोन आला. महत्त्वाचं बोलायचं आहे, सेलॉर्मही येतो आहे. मी म्हटलं, या, रविवारी या. आणि माझा मावसभाऊ क्वार्तेंग, जो आमच्या कुळाचा कारभारी आहे, त्याला निरोप धाडला. येताना चार वडीलधारी माणसं आण आणि पूर्वजांच्या नावाने ओतायची दारूची बाटली आण.

दोघं आली ती अंगणात एवढी माणसं बघून चपापली. फ्रिम्पोमाने सगळ्यांना उजवीकडून हात मिळवत नमस्कार केला, तेवढं तरी विसरली नव्हती.

"काय ग पोरी, काय काम काढलंस?" क्वार्तेंगने विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. सेलॉर्मच बोलला. "मामा, परदेशातून निमंत्रण आलंय. मोठा महोत्सव आहे. त्यांना सगळी मालिका हवी आहे आणि शेवटचा तो भागही हवा आहे. मावशींचा."

"कुठला भाग?"

"रडण्याचा."

फ्रिम्पोमा घाईने म्हणाली, "मावशी, मी त्यांना हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, आधी तुला विचारते. तुला विमानाने नेतील. आणि मी तुला नवं केंटे विणून देते, याहून भारी, रेशमी, तू सांगशील त्या रंगांत."

"कोण विणणार? ओपोकु?"

"ओपोकुआजोबा तर..."

"वारले. आणि त्याच्या मागाशेजारी बसणार कोण? हा गुडघा?"

मी क्वार्तेंगला खूण केली. त्याने बाटली उघडली, पायातल्या वहाणा काढल्या, जमिनीवर थेंब थेंब ओतत पूर्वजांना हाका मारल्या, आमच्या आजीलाही, जिच्या नावाचं ही अर्धं खाऊन बसली आहे. मग मी बोलले. मुद्दाम सावकाश बोलले.

"ऐका. मी मेले की माझ्या अंगावर भाड्याचं घालायचं नाही. नवं विणलेलं घालायचं नाही. कुणाचं उसनंही नाही. माझ्या वस्त्राचं हिच्या हाताने जे झालंय, तेच माझ्या अंगावर असेल. आज जाकीट आहे, तर जाकीट. चेनसकट. मानेवर 'फ्रिम्पो' लिहिलंय, ते वर दिसेल असं. आणि बहिणीची मुलगी ती, तेव्हा मला आंघोळ घालून ते तीच चढवेल आणि गाव पुढून जाईस्तोवर पलंगाशी तीच उभी राहील. झालं माझं."

"तिवा," क्वार्तेंग हळू म्हणाला, "ओतून झालंय. आता परत घेता येणार नाही."

"परत घ्यायला बोलले नाही."

फ्रिम्पोमाच्या ओठांचा रंग उडाला होता. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला दिसत होतं. पितळी पलंग, त्यावर ट्रकवाल्याच्या जाकिटात तिची मावशी, पुढून सरकणारी कापडगल्ली, एका हातात रुमाल, आणि दुसऱ्या हाताची बोटं.

आणि तेवढ्यात तो सेलॉर्म, तो स्वतंत्र गाढव, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "केवढं धाडसी आहे हे! म्हणजे शेवटचं प्रदर्शनच! फ्रिम्पो, आपण याचं चित्रण..."

"तोंड बंद कर, सेलॉर्म," माझी भाची म्हणाली.

कित्येक वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाणं वाक्य. सेलॉर्म संध्याकाळच्या बसने एकटाच परत गेला. जाताना त्याने माझ्याकडे जेवणाचा डबा मागितला. मी दिला, आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेली मासळी. त्याच्या आईचा विचार करून दिला.

फ्रिम्पोमा राहिली. मी तिच्याशी बोलत नव्हते. ती दुसऱ्या दिवशी जाकीट मांडीवर घेऊन ओसरीवर बसली आणि उसवायला लागली. मग अक्राला गेली आणि पिशवी घेऊन आली. ती कुणा बँकवाल्याच्या बायकोने घेतली होती. बाईने आधी कुरकुर केली, मग ते मयताचं वस्त्र आहे हे ऐकलं आणि काठीच्या टोकावर धरून परत दिली म्हणे. विजार मात्र गेली. ती एका पाहुण्या बाईने प्रदर्शनाच्या रात्रीच अंगावर चढवून नेली होती, समुद्रापार. फ्रिम्पोमाने तिला लिहिलं, फोन केला, रडली. ती बाई प्रेमाने म्हणाली की नाही, मी ही देऊ शकत नाही, हिच्यात आत्मा आहे.

"आहेच मुळी," मी म्हटलं. बोलायचं नाही हे विसरून बोलले. "माझा आहे. त्यावर बसू नको म्हणावं."

फ्रिम्पोमा हसली नाही. तिने सुईत दोरा ओवला.

पावसाळा गेला, कोरडा वारा सुटला, तरी ती महिन्यातून दोनदा येऊन ओसरीवर बसायची. तुकडे जोडून पट्टी करायची, पट्टीला पट्टी लावायची, हातानेच, यंत्र लावलं की कड गोळा होते म्हणून. मी खुर्चीत बसून तिचे टाके बघायची.

"हा वाकडा गेला."

"हो, मावशी."

"तू पैसे घेऊन लोकांचे कपडे शिवतेस म्हणे."

"हो, मावशी."

"घालतात?"

"घालतात."

"देवा रे."

ती उसवायची, परत घालायची. परदेशच्या महोत्सवाला ती गेली नाही, हे मला क्वार्तेंगकडून कळलं. मला बरं वाटलं का? वाटलं. तिला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात संपलं. मानेवरचं लेबल तिने उसवून टाकलं होतं, मी काही बोलले नाही. मी म्हटलं, बघू या. मी आतल्या पलंगावर उताणी निजले, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. तिने वस्त्र माझ्यावर पसरलं. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून होता. ती काठ ओढत होती, खाली, आणखी खाली, आणि मग तिचे हात थांबले.

मी डोळे उघडून पाहिलं. वस्त्र गुडघ्याखाली चार बोटं जाऊन संपलं होतं. पुढे माझ्या उघड्या नडग्या, सुजलेली पावलं आणि टाचांना पडलेल्या भेगा, चाळीस वर्षं बाजारात उभं राहून पडलेल्या. जेवढी विजार झाली होती, तेवढी मी उघडी होते.

एवढं बोलून, एवढं ओतून, शेवटी मी अशी पडणार होते.

"तुझ्या त्या मालिकेचं नाव काय होतं?" मी छताकडे बघत म्हटलं. "मुळं ना? ही बघ. निघाली बाहेर."

ती पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभी राहिली. दारातून येणाऱ्याला तिच्या आड माझी पावलं दिसली नसती.

"मी इथे उभी राहीन," ती म्हणाली.

"तुझी जागा डोक्याशी आहे. बहिणीची मुलगी डोक्याशी उभी राहते."

"माहीत आहे."

"गाव विचारेल, ही पोर पायाशी का उभी?"

"मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की तुझं वस्त्र मी कापलं."

"सगळ्यांना? प्रत्येक बाईला?"

"जी विचारेल तिला."

तिचा आवाज हलत होता, पाठ हलत नव्हती. अंगात तिच्या स्वतःच्या हातचं काहीतरी होतं, एक बाही लांब, एक तोकडी, खाली मांड्यांपर्यंतच. तिच्या पायांमधून मला उघडं दार दिसत होतं.

"उभी राहा मग," मी म्हटलं. "पण त्या दिवशी पायघोळ काहीतरी नेसून ये. आणि न कापलेलं."